वाड्याच्या तोंडाशी नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा: घ्यायचा तर कसा घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात म्हापशाजवळचा एक वाडा, म्हणजे ४२ घरांची वसाहत, आत यायला तीन वाटा. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माणसं मूळ घरी गेलेली असताना दोन बंद घरं फुटली. आधीपासून लावलेल्या कॅमेऱ्यांत एक स्कूटर आणि एक पांढरी गाडी दिसते, नंबर मात्र दिसत नाही. आता कमिटीपुढे कोटेशन आलंय: तीन एएनपीआर कॅमेरे, म्हणजे नंबरप्लेट आपोआप वाचणारे, सोबत सॉफ्टवेअर आणि ‘संशयित गाडी आली की मोबाईलवर अलर्ट’. गोव्यात हे चालतं का, रेंट-अ-बाईकचं काय करायचं, आणि कायद्यात बसतं का, असं विचारलंय.

मी बार्देश, पेडणे, डिचोली या भागात सतरा वर्षं कॅमेरे लावतोय. त्यातली शेवटची सात-आठ वर्षं नंबरप्लेटचं काम बरंच केलंय. उत्तर ‘चालतं’ असंच आहे. पण तुमच्या कोटेशनमध्ये ज्या गोष्टीचे सगळ्यात जास्त पैसे लावलेत, तो अलर्ट, तीच तुमच्या सगळ्यात कमी कामाची आहे. आणि लेन्स किती मिलिमीटरची, कॅमेरा किती उंचीवर, घड्याळ कोण जुळवणार, या ज्या गोष्टींवर सगळं काम उभं असतं, त्यांचा बहुतेक कोटेशनांत उल्लेखही नसतो.

आधी जुन्या कॅमेऱ्यात नंबर का दिसला नाही ते बघू, कारण नवीन कॅमेराही त्याच चुकीने लावला तर तोही दिसणार नाही. तुमच्याकडे बहुधा २.८ मिलिमीटर लेन्सचे साधे कॅमेरे असणार, सगळीकडे तेच असतात. ही लेन्स रुंद बघते. कॅमेऱ्यापासून १५ मीटरवर साधारण ३० मीटर रुंदीचा देखावा ती एका चित्रात कोंबते. चित्र आडवं १९२० पिक्सेलचं असेल तर एका मीटरच्या वाट्याला ६४ पिक्सेल आले. मोटारीची प्लेट ५०० मिलिमीटर लांब, म्हणजे तिला ३२ पिक्सेल. स्कूटरची मागची प्लेट २०० मिलिमीटर, तिला १३. तेरा पिक्सेलांत दोन ओळींचा नंबर कोणत्याच सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. ‘झूम करून बघा ना’ असं पोलीस स्टेशनात पण सांगतात, कमिटीत पण सांगतात. पण चित्रात नसलेलं झूम केलं तर मोठं धुरकट होतं, एवढंच.

प्लेट वाचायला उलटं करावं लागतं. रस्ता बघायचा नाही, रस्त्यावरचा एक तुकडा बघायचा. त्याच १५ मीटरवर फक्त ५ मीटर रुंदी चित्रात घेतली तर मीटरला ३८४ पिक्सेल मिळतात, मोटारीच्या प्लेटला १९० च्या आसपास. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर मीटरला ५०० च्या वर जातं आणि स्कूटरच्या प्लेटलाही शंभर पिक्सेल येतात. मागच्या प्लेटवरची अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर उंच असतात, ते मग वीसेक पिक्सेलांत उभे राहतात आणि नीट वाचता येतात. या हिशोबाला साधारण १६ मिलिमीटरची लेन्स लागते. म्हणून कोटेशन हातात घेतलं की पहिल्यांदा लेन्सचा आकडा बघा. ‘वाइड अँगल’ असं कौतुकाने लिहिलं असेल तर समजून जा.

आपल्या वाड्यांतले रस्ते चार-पाच मीटरचे असतात, बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. वाहतुकीला ही अडचण, पण कॅमेऱ्याला बरं. दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच तुकड्यातून जातात. मी नेहमी अशी जागा शोधतो जिथे गाडी आपसूक हळू होते: स्पीडब्रेकर, वळण, गेट. पण खड्ड्याजवळ नको. खड्डा आला की दुचाकीवाला पार गडग्याला चिकटून जातो आणि चित्राच्या बाहेर पडतो. हे मी एकदा पैसे घेऊन झाल्यावर शिकलो.

वेगाचं गणितही एकदा करून बघा. ३० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ८ मीटरहून जास्त जाते. साधा कॅमेरा रात्री उजेड कमी म्हणून शटर १/२५ सेकंद उघडं ठेवतो. तेवढ्यात गाडी ३३ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. शटर १/१००० केलं की सरकणं ८ मिलिमीटरवर येतं. मोटारीच्या प्लेटवरच्या अक्षराची जाडी १० मिलिमीटर असते, त्यामुळे एवढं चालून जातं. पण १/१००० शटरला रात्री उजेड कुठून आणायचा? तर इन्फ्रारेड दिव्यातून. प्लेटवरचा कागद उजेड आला त्याच दिशेला परत फेकणारा असतो, म्हणून कॅमेऱ्याशेजारच्या दिव्याने प्लेट लखलखीत उठते.

इथे प्रत्येक कमिटीचा एक फोन मला ठरलेला येतो. काम पुरं झाल्यावर पहिल्याच रात्री. ‘अहो, कॅमेरा बिघडला, सगळा काळोख दिसतो.’ बिघडलेला नसतो. चांगला लावलेला प्लेटचा कॅमेरा रात्री काळाच दिसायला हवा. काळोखात एक पांढरी पट्टी तरंगत येते, दोन हेडलाईटचे ठिपके आणि बाकी काही नाही. गाडी कोणत्या रंगाची, आत कोण, मागे कोण बसलंय, काही कळत नाही. म्हणून त्याच खांबावर दुसरा साधा रुंद कॅमेरा लागतो, जो गाडी आणि माणूस दाखवतो. एक नंबरासाठी, एक ओळखीसाठी. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही होतं असं सांगणारा माणूस तुम्हाला दिवसाचं डेमो चित्र दाखवून गेलेला असतो.

उंची. लोकांना कॅमेरा उंच हवा असतो, कोणी दगड मारू नये म्हणून. सहा मीटरवर लावला आणि खाली बघायला लावला की प्लेट तिरकी दिसते, अक्षरं चेपतात. आडवा किंवा उभा, कोन ३० अंशांच्या आत राहिला पाहिजे, आणि त्याहून कमी असला तर उत्तम. तीन मीटर उंची आणि पंधरा मीटर अंतर असेल तर उभा कोन दहा अंशांच्या आतच राहतो. दगडाची भीती असेल तर कॅमेरा कोणाच्या तरी कंपाउंडच्या आत लावा, वाटेवर नको.

आता स्कूटर. तुमच्या चित्रात स्कूटरच होती, आणि गल्लीबोळांतून पळायचं तर स्कूटरच सोयीची. दुचाकीची पुढची प्लेट अरुंद, कधी मडगार्डवर वाकडी, कधी नसतेच. म्हणून दुचाकी वाचायची तर ती जाताना, मागून वाचायची. तुमच्या कोटेशनमध्ये तिन्ही कॅमेरे ‘एन्ट्री’ला तोंड करून दाखवलेत. मी असतो तर दोन बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या पाठीवर रोखले असते. चोर आत कोणत्या वाटेने आला ते नंतर शोधता येतं, बाहेर जाताना त्याची मागची प्लेट तरी मिळू दे. तरीही पावसाळ्यात पाठच्या माणसाच्या रेनकोटाची शेपटी नेमकी प्लेटवर लोंबते. तिथे यंत्राचं काही चालत नाही.

रेंट-अ-बाईकचं. भाड्याने स्वतः चालवायच्या गाड्यांना काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. टॅक्सीला आणि आपल्या पायलटांना, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना, पिवळी प्लेट, काळी अक्षरं. खाजगी गाडीला पांढरी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हिरवी, तिच्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं. सॉफ्टवेअर बहुतेक करून उजळ प्लेटवर गडद अक्षरं वाचायला शिकलेलं असतं. काळ्या आणि हिरव्या प्लेटवर ते उलटं होतं, आणि परदेशी बनावटीची काही सॉफ्टवेअरं तिथे गाडी गेलीच नाही असं दाखवतात. चुकीचा नंबर आला असता तरी कळलं असतं, इथे नोंदच होत नाही. बाहेरच्या डेमोत पांढऱ्या प्लेटा असतात. किनारपट्टीच्या गोव्यात काळ्या प्लेटा वाचता न येणारा कॅमेरा म्हणजे मासळी बाजारात वजनकाटा नसलेलं दुकान. विक्रेत्याला रात्री आठनंतर एक काळ्या प्लेटची स्कूटर घेऊन बोलवा आणि दहा फेऱ्या मारायला लावा.

लोक म्हणतात, रेंट-अ-बाईकचा नंबर मिळून उपयोग काय, चालवणारा रोज बदलतो. खरं तर उलट आहे. गाडी कोणत्या दिवशी कोणाला दिली याची नोंद आणि त्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत मालकाकडे असायला हवी, पोलीस तिथून पुढे जाऊ शकतात. स्वतःच्या गाडीवर खोटी प्लेट लावून आलेल्याच्या बाबतीत तेवढाही धागा नसतो.

१ एप्रिल २०१९ पासून विकलेल्या प्रत्येक नव्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी येते: अॅल्युमिनियमची, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा आकडी क्रमांक, एकदाच बसणारे लॉक. तिची अक्षरं एकसारखी असतात, कॅमेऱ्याला ही मोठी सोय झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांवर मात्र पेंटरची कला आहे. डिचोलीकडे लाल मातीचा थर त्यावर बसतो तो वेगळाच. आणि अजूनही एखाद्या काकांच्या पडवीत ‘जीडी’ने सुरू होणाऱ्या जुन्या नंबरची स्कूटर निघते. ती कुठलंच सॉफ्टवेअर धड वाचत नाही, पण काकांना सगळा वाडा ओळखतो.

हवेचं मी लांबवत नाही, पण तीन गोष्टी सांगतो, कारण इथे बिघाड यंत्रापेक्षा हवेनेच जास्त होतात. पहिली, कोळी. इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि नेमका काचेसमोर जाळं विणतो. रात्री ते जाळं पांढरंफटक चमकतं आणि प्लेट त्याच्या मागे जाते. उपाय म्हणजे दिवा कॅमेऱ्यात असलेला न घेता वेगळा घ्यायचा आणि हातभर बाजूला लावायचा, शिवाय आठवड्याला एकदा लांब काठीला फडकं बांधून काच पुसायची. हे काम कोणाचं ते लिहून ठेवा. दुसरी, मे महिन्यातली वीज. वळवाच्या आधी कडाडायला लागलं की माझा फोन बंद होत नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर जमीन मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कॅमेरा ते रेकॉर्डर अंतर जास्त असेल तर तांब्याची वायर न घालता फायबर घाला. नेटवर्कची तांब्याची वायर तशीही १०० मीटरच्या पुढे चालत नाही, आणि फायबरमधून वीज पुढे जात नाही. तिसरी, खारी हवा. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर साधे स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात, कॅमेरा स्वतःच्या वजनाने जरासा खाली वाकतो आणि पंधरा मीटरवरचा तो पाच मीटरचा तुकडा निसटतो. रुंद कॅमेऱ्यात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

आता अलर्ट. माझं मत स्पष्ट आहे: वाड्याने ‘संशयित गाड्यांची यादी’ ठेवू नये. कारण आधी गणिताने सांगतो, मग अनुभवाने.

विक्रेता म्हणतो ९९ टक्के अचूक. विचारा, कशाच्या मागे ९९? एका अक्षरामागे असेल तर दहा अक्षरांचा पूर्ण नंबर बरोबर येण्याची शक्यता ९० टक्क्यांवर येते. दिवसाला हजार गाड्या जात असतील तर शंभर नंबर कुठे ना कुठे चुकलेले. बी आणि ८, डी आणि ०, एस आणि ५, झेड आणि २ ही नेहमीची जोडपी. यातल्या बऱ्याच चुका सॉफ्टवेअर स्वतः दुरुस्त करतं, कारण आपल्या नंबरात पहिली दोन अक्षरं, मग दोन आकडे असा क्रम ठरलेला असतो. मात्र २०२१ मध्ये आलेल्या बीएच मालिकेत आकडे आधी येतात. ते जुन्या सॉफ्टवेअरला माहीत नसतं, आणि बदल्या होणाऱ्या नोकरदारांच्या गाड्यांचे नंबर मोडून-तोडून नोंदले जातात.

पण गोव्याची खास अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे जीए ०३ नंतर एकच अक्षर असलेल्या गाड्या भरपूर आहेत आणि दोन अक्षरं असलेल्याही. दोनांतलं एक अक्षर कॅमेऱ्याला दिसलं नाही, तर उरलेला नंबर चुकीचा दिसत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचा नंबर असू शकतो, आणि सॉफ्टवेअरला शंकाही येत नाही.

हे मला एका वसाहतीत दिसलं. तिथे यादी होती आणि यादीत एका जुन्या स्कूटरचा एका अक्षराचा नंबर होता, कोणीतरी दोन वर्षांपूर्वी भांडणातून घातलेला. एका आजारी आजींकडे रोज सकाळी नर्स यायची. तिच्या स्कूटरचे शेवटचे चार आकडे नेमके तेच, फक्त तिची मालिका दोन अक्षरांची. पहिल्या अक्षरावर प्लेट बसवताना मारलेल्या स्क्रूची काळी टोपी आली होती. रोज सकाळी आठला अलर्ट, रोज वॉचमन तिला थांबवून डिकी उघडायला लावतो. आठ दिवस तिने सोसलं, नवव्या दिवशी ती आलीच नाही. आजींच्या मुलाने मला बोलावलं तेव्हा मी लॉग उघडून चित्र मोठं करून दाखवलं. चित्रात ती टोपी स्पष्ट दिसत होती, बघणाऱ्याला लगेच कळावी अशी. आठ दिवसांत ते चित्र कोणी उघडूनच बघितलं नव्हतं, फक्त मोबाईलवरची ओळ वाचली होती. कॅमेरा मीच लावला होता. यादीचं बटण चालू करून द्या म्हणाले आणि मीही करून दिलं होतं.

हे वसाहतीतलं झालं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरात २०२० च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी एका कुटुंबाची गाडी अडवून मुलींनाही रस्त्यावर पालथं झोपवलं, बंदुका रोखून. तिथे कॅमेऱ्याने नंबर अगदी बरोबर वाचला होता. फक्त चोरीला गेलेली होती ती मोंटाना राज्यातली त्याच नंबरची मोटरसायकल. शेवटी शहराला १९ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. यादी आणि नंबर जुळला म्हणजे गाडी सापडली असं होत नाही, हे प्रशिक्षित पोलिसांकडूनही चुकलं. आपला वॉचमन महिन्याला किती पगारावर रात्रभर बसतो ते आपल्याला माहीत आहे.

काही कमिट्या आणखी एक मागणी करतात: बाहेरच्या राज्याची गाडी आली की अलर्ट. हे ऐकून मला हसावं की रडावं कळत नाही. एमएच ०७ म्हणजे सिंधुदुर्ग. पेडणे-सावंतवाडीच्या सोयरिकी आपल्या आजोबांपासूनच्या. केए २२ म्हणजे बेळगाव, भाजी तिथूनच येते. चवथीच्या आठवड्यात हा अलर्ट चालू ठेवलात तर तुमच्याच मावशी आणि आत्या मोबाईलवर वाजत राहतील, आणि तिसऱ्या दिवशी सगळेजण तो म्यूट करतील. नेमका ज्या आठवड्यात घरं रिकामी असतात त्याच आठवड्यात.

मग हा कॅमेरा कशासाठी? नंतर शोधण्यासाठी. घर फुटलं, वेळ कळली अकरा ते तीन, त्या चार तासांत किती गाड्या गेल्या, त्यांतल्या ओळखीच्या किती, उरल्या किती. तुमच्यासारख्या वसाहतीत रात्रीच्या त्या वेळात उरणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच असतात. ती पाच-सहा चित्रं पोलिसांना द्यायची, त्यांच्या पुढचं काम त्यांचं. मालकाचं नाव शोधायच्या भानगडीत पडू नका. सरकारी एम-परिवहन अॅपवर नाव अर्धं झाकलेलंच दिसतं, आणि कुठल्या एजंटाकडून पूर्ण काढलंत तर गुन्हा शोधता शोधता स्वतःच अडचणीत याल.

हे तंत्र नवीन नाही बरं का. ब्रिटनच्या पोलिसांच्या संशोधन विभागात ते १९७६ मध्ये तयार झालं. नवीन काय, तर ते आता वसाहतींच्या हातात आलं. अमेरिकेत २०१७ साली सुरू झालेल्या फ्लॉक नावाच्या कंपनीने शेजाऱ्यांच्या संघटनांना हे कॅमेरे विकायला सुरुवात केली, आणि आपल्याकडची कोटेशनं बरीचशी तीच भाषा बोलतात. तिथला एक मुद्दा मात्र उचलण्यासारखा आहे: नोंदी किती दिवस ठेवायच्या. फ्लॉककडे सर्वसाधारणपणे ३० दिवस. न्यू हॅम्पशायर राज्यात पोलिसांनाही यादीशी न जुळलेला नंबर ३ मिनिटांत पुसावा लागतो. तुम्हाला तीन मिनिटं परवडणार नाहीत, पण वर्षभराची नोंद ठेवणं म्हणजे शेजारची मुलगी रोज किती वाजता परतते याचं रजिस्टर ठेवण्यासारखं आहे. चवथीला माणसं गेली की आठ-दहा दिवसांनी येतात आणि तेव्हा चोरी कळते, त्यामुळे ३० दिवस पुरेत. डिस्कची काळजी नको. एका गाडीचं चित्र २००-३०० केबीचं, दिवसाला हजार गाड्या धरल्या तरी महिन्याला नऊ जीबीच्या आसपास. जागा जाते ती रुंद कॅमेऱ्याच्या व्हिडिओला, २ एमबीपीएसने दिवसाला साधारण २१ जीबी.

कायद्याचं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. एखाद्या माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती या कायद्याबाहेर आहे. पण तुमची कमिटी म्हणजे ‘एखादा माणूस’ नाही. म्हणून आतापासूनच तीन पाट्या वाटांच्या तोंडाशी लावा, मराठी, कोकणी, इंग्रजीत: इथे गाड्यांचे नंबर नोंदले जातात, ३० दिवस ठेवतात, संपर्क अमुक. कमिटीच्या सभेत ठराव करा. बघायचा पासवर्ड दोघांकडे, आणि कधी कोणी काय बघितलं याची वही. वॉचमनच्या मोबाईलवर अॅप नको. कुठलंही चित्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही, ‘ही गाडी कोणाची?’ एवढं विचारायलाही नाही. आणि वीज खात्याच्या खांबावर परवानगीशिवाय काही बांधू नका. वायरमन एके दिवशी शांतपणे काढून नेतो आणि त्याचं काही चुकत नाही. तिन्ही वाटांवर कोणाची ना कोणाची भिंत असेल, त्यांना विचारा.

कॅमेरा विकत घेताना विक्रेत्याकडे एसटीक्यूसी प्रमाणपत्र मागा. ९ एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेच्या त्या चाचणीशिवाय सीसीटीव्ही कॅमेरा विकता येत नाही. गोदामातला जुना माल स्वस्तात खपवायचा प्रयत्न होतो.

पुरावा म्हणून वापरायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं, १ जुलै २०२४ पासून. रेकॉर्डिंगबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचे दोन भाग: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा. प्रमाणपत्र जुन्या कायद्यातही लागायचंच. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रमाणपत्राशिवाय चित्रफीत ग्राह्य नाही, असं बजावलं. तिथेही भांडण वेळेचंच होतं, उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की नंतर. म्हणून घड्याळ. रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ जुळवतो का ते बघा, नाहीतर वर्षात काही मिनिटं सहज पुढेमागे होतात. एका ठिकाणी प्लेटचा कॅमेरा आणि रुंद कॅमेरा यांच्यात २३ मिनिटांचा फरक निघाला. नंबर एका गाडीचा, चित्र दुसऱ्याच गाडीचं, आणि दोन्ही आम्ही छापून दिलेलं.

तर तुमच्यासाठी. तीन वाटा आहेत, त्यातली एक रात्री दहा ते सहा बंद करता येते का ते आधी बघा. वाट पंचायतीची असेल तर पंचायतीला विचारूनच. पण आतली वाट तुमची असेल तर साध्या लोखंडी फाटकात एका कॅमेऱ्याचे पैसे वाचतात. एका चांगल्या प्लेट-कॅमेऱ्याच्या किमतीत साधे आठ-दहा येतात, म्हणून तो नेमक्या जागीच लावायचा. उरलेल्या दोन वाटांवर एक-एक प्लेटचा कॅमेरा, बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या पाठीकडे तोंड, आणि त्याच्या जोडीला एक-एक रुंद. इनव्हर्टर स्वतंत्र. अलर्टचं सॉफ्टवेअर वगळा, शोधायचं ठेवा. रहिवाशांच्या गाड्यांना गेट आपोआप उघडायचं असेल तर त्यासाठी काचेवरचा टॅग बरा, नंबरप्लेट त्या कामाला लावू नका.

शेवटचा हप्ता पावसाळ्यात द्या. कोटेशन मे महिन्यातलं असलं तरी जूनच्या एखाद्या ओतणाऱ्या रात्री पन्नास गाड्या हाताने मोजून वहीत लिहा आणि सकाळी यंत्राच्या यादीशी ताडा. त्यात पाच काळ्या प्लेटा आणि दहा स्कूटर असल्याच पाहिजेत. पन्नासांतले पंचेचाळीस पूर्ण बरोबर आले तर पैसे द्यायला हरकत नाही. चाळीसच्या खाली आले तर लेन्स किंवा कोन चुकलाय, आणि तो विक्रेत्याने स्वखर्चाने बदलायचा, हे आत्ताच वर्कऑर्डरमध्ये लिहून घ्या.

तुमच्या कोटेशनमध्ये लेन्सचा आकडा दिलेला दिसला नाही. तो विचारा, आणि तिन्ही जागांचे रस्त्याच्या मधून काढलेले फोटो पाठवा. एक सकाळी आणि एक रात्री, समोर स्कूटर उभी करून.